कंटाळ्याची अदलाबदल

पाहुणे आले की रहाटणीकराची पंचाईत होते. चिंचवडकराला मोरया गोसावींचं समाधिमंदिर दाखवता येतं. निगडीकर भक्ती-शक्तीच्या शिल्पाकडे गाडी वळवतो. देहू-आळंदीवाल्यांचं तर विचारूच नका. चाकणलासुद्धा, कारखान्यांच्या गराड्यात का होईना, संग्रामदुर्गाचे अवशेष आहेत आणि १६६० साली शाएस्ताखानाला जवळजवळ दोन महिने झुंजवणाऱ्या फिरंगोजी नरसाळ्याची गोष्ट आहे. रहाटणीत काय आहे? काळेवाडी, थेरगाव, वाकड आणि पिंपळे सौदागर यांच्या मधल्या जागेत आम्ही आहोत. रात्री इथं झोपतो आणि सकाळी भोसरी, हिंजवडी, चाकण अशा दिशांना पांगतो. पाहुण्यांना दिवसभर दुसऱ्यांची गावं दाखवतो आणि मुक्कामाला रहाटणीत आणतो.

अशा ठिकाणी राहून मी एका जगभरच्या ऑनलाइन फोटोग्रुपात शिरलो. भाच्याचा उद्योग. निवृत्तीनंतर मामा दिवसभर बातम्या बघून रक्तदाब वाढवून घेतोय, हे पाहून त्यानं माझ्या फोनमध्ये ते बसवून दिलं. नियम सोपे आहेत. दर सोमवारी एक शब्द येतो. दार. पिवळा. वाट पाहणं. आठवडाभरात त्या शब्दावर स्वतः काढलेला एक फोटो टाकायचा, घराजवळचा किंवा प्रवासातला. बक्षीस नाही, परीक्षक नाहीत, प्रशस्तिपत्रक नाही. भोसरीच्या एका वर्कशॉपात उभी हयात क्वालिटीत घालवलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागला. जॉब तपासणारा कोणी नाही, म्हणजे रिजेक्शनच नाही! सुरुवातीला मी इतरांच्या फोटोंवर सवयीनं शेरे मारत असे. ‘फिनिश ठीक. डाव्या कोपऱ्यात बर राहिली आहे.’ पोर्तुगालच्या एका गृहस्थांनी ‘बर’ म्हणजे काय असं विचारल्यावर, ‘कापलेल्या कडेला राहिलेली कूस’ एवढं सांगून मी आवरतं घेतलं.

घरी मात्र चॅलेंज म्हटलं की सगळ्यांना २०२० आठवतं. टाळेबंदीत माणसं कोंडलेली आणि फोनवर रोज नवं फर्मान: आज साडीतला फोटो टाका, उद्या बालपणीचा टाका. मराठी बायकांनी त्यात ‘नथीचा नखरा’ आणला आणि कपाटांच्या तळाशी गेलेल्या नथी उजेडात आल्या. आमच्या मजल्यावर भर उन्हाळ्यात पैठण्या नेसल्या गेल्या. फोटो कमरेपर्यंतच असल्यामुळे पायांत घरच्या सपाता चालून गेल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात जोडप्यांनी एकत्र फोटो टाकायची टूम निघाली, तेव्हा पुणे पोलिसांनी ट्विटरवरून बजावलं होतं की जोडीदाराबरोबरचा फोटो टाकण्याआधी दोनदा विचार करा. बायकोनं तो इशारा मला मोठ्यानं वाचून दाखवला आणि, “आपला कोण चोरतोय!” असं म्हणून आमचा फोटो टाकून दिला. तो खरंच कोणी चोरला नाही.

माझ्या ग्रुपात चेहरा लागत नाही, ही मोठी सोय. शिवाय रोज किंवा आठवड्याला नेमानं एक चित्र टिपायचं, हे काही मोबाइलवाल्यांनी शोधलेलं खूळ नव्हे. बायको चिडली की मी दादासाहेब फाळक्यांना पुढे करतो. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३चा. त्याच्या आदल्या वर्षी, लंडनहून आणलेल्या कॅमेऱ्यानं आपण काय करू शकतो हे दाखवायला, फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून जास्त काळ रोज नेमानं त्या रोपाचं चित्र टिपलं. सगळी चित्रं सलग फिरवली तेव्हा पडद्यावर बी रुजलं, कोंब वर आला, वेल झाली. ‘अंकुराची वाढ’ बघूनच भांडवल घालणारा माणूस पुढे आला. हे ऐकलं की बायको फाळक्यांना सोडून देते आणि सरस्वतीबाईंची बाजू घेते. पैसे संपत आलेले, घरात परदेशी यंत्र आणि नवरा कुंडीसमोर! पुढे सिनेमासाठी सरस्वतीबाईंचे दागिनेही कामी आले, हे ती मला आवर्जून ऐकवते. तेवढं बोलताना तिचा हात गळ्याकडे जातो.

न्यूयॉर्कचा जेमी लिव्हिंग्स्टन तर याच्याही पुढचा. त्यानं ३१ मार्च १९७९ पासून रोज एक पोलरॉइड फोटो काढला. एकच. मनासारखा आला नाही म्हणून दुसरा काढायचा नाही. जेवणाचं टेबल, मित्र, रस्ते, बेसबॉलचे सामने, शेवटी शेवटी इस्पितळ. २५ ऑक्टोबर १९९७ला तो गेला, त्या दिवशीचाही फोटो आहे. माझ्या अंगात एवढी शिस्त नाही. पण त्याचं ते ‘एकच’ मला ओळखीचं वाटतं. आमच्या लहानपणी एका रोलमध्ये छत्तीस फोटो असत आणि त्यांत महाबळेश्वर, मावसबहिणीचं साखरपुड्याचं जेवण आणि गणपती एवढं सगळं बसवायचं असे. रोल संपेपर्यंत धुवायला टाकायचा नाही हा वडिलांचा कायदा. त्यामुळे मे महिन्यात आपण कसे दिसत होतो, ते सप्टेंबरात कळायचं.

तर पहिला विषय आला, ‘दार’. लोकांनी जी दारं टाकली ती पाहून मी गार झालो. ग्रीसच्या बेटांवरची निळी दारं, मोरोक्कोची नक्षीची दारं, राजस्थानची पितळी खिळ्यांची दारं. मी आमच्या मजल्यावर उभा राहून चारही फ्लॅटची दारं पाहिली. बाहेर लोखंडी जाळीचं सेफ्टी डोअर, आत सनमायक्याचं. दसऱ्याचं तोरण, ज्याची पानं आता कुरकुरीत झालेली. ‘सेल्समनना प्रवेश नाही’ या पाटीवरच सेल्समननं चिकटवलेलं स्टिकर. उंबऱ्यावर प्लॅस्टिकची रांगोळी. आणि कडीला लटकवलेली कापडी पिशवी, पहाटे दूधवाल्यानं पुड्या टाकून ठेवलेली. मी पिशवीचा फोटो काढला.

तो काढताना शेजारच्यांनी आतून भिंगातून मला पाहिलं. मी त्यांच्या दारासमोर गुडघ्यावर बसून फोनची उंची जुळवत होतो. माझ्या आणि पिशवीच्या मधे त्यांचं चपलांचं कपाट होतं. मजल्यावरच्या मोकळ्या जागेत चपलांची कपाटं ठेवू नयेत असा ठराव सोसायटीच्या सभेत वर्षानुवर्षं होत होता आणि चहाबरोबर विरघळत होता. दुपारी वॉचमन आला. “काका, सी विंगमध्ये बोलतायत, तुम्ही पुरावा गोळा करताय म्हणून.” मी त्याला ग्रीसची दारं दाखवली, मोरोक्कोची दाखवली. त्यानं मान डोलावली, पण चेहऱ्यावर विश्वास नव्हता. संध्याकाळपर्यंत आमच्या विंगमधली सगळी कपाटं आत गेली. सेक्रेटरींनी मला लिफ्टमध्ये गाठलं आणि जिन्यातल्या कुंड्यांवर काही विषय येणार आहे का, याची चौकशी केली.

इकडे ग्रुपात पिशवीनं धमाल उडवून दिली होती. ग्रीसच्या दारांखाली लोक ‘सुंदर’ लिहून पुढे जात होते. माझ्या पिशवीखाली प्रश्न. दूध रात्रभर बाहेर राहतं का? कोणी उचलून नेत नाही का? पैसे कुठे ठेवता? फिनलंडच्या एका बाईंना, पिशवी परत कोण आणतं, हे कळेना. मी लिहिलं, पिशवी कुठे जातच नाही. दूध येतं, पिशवी इथंच असते. त्यावर त्यांनी बराच विचार केला असावा, कारण उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: त्यांच्याकडे अशी कडीच नाही, त्यांच्या दाराला गोल मूठ आहे.

हे मला पुढेही दिसत राहिलं. प्रवासातल्या फोटोला वाहवा मिळते आणि रोजच्या फोटोला प्रश्न. वाहवा मिळाली की संभाषण तिथंच संपतं. मी मोठ्या उमेदीनं लोहगडाचा विंचूकाटा टाकला होता. २०२५च्या जुलैमध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यात लोहगड आहे, वगैरे माहितीही जोडली. पहाटे निघून, मळवलीच्या बाजूनं चढून, त्या चिंचोळ्या सोंडेवर एकही माणूस नसल्याचा क्षण येण्यासाठी मी तासभर ताटकळलो होतो. माझ्यामागे याच क्षणासाठी ताटकळणाऱ्यांची रांग लागली होती. मागचा म्हणे, “काका, लवकर. ऊन वर येतंय.” आम्ही सगळ्यांनी तोच निर्मनुष्य विंचूकाटा काढला. ग्रुपात उत्तर आलं, ‘सुंदर’. एवढंच.

प्रवासाचं आणखी एक दुखणं आहे, घरगुती. आम्ही हंपीला गेलो तेव्हा नेमका ‘कड्या-कुलपं’ हा विषय चालू होता. परत आल्यावर भावजयीनं कौतुकानं फोटो मागितले. मी फोन दिला. तिनं बराच वेळ बोट फिरवलं आणि विचारलं, “भाऊजी, तुम्ही हंपीला गेला होतात की हार्डवेअरच्या दुकानात?” बायकोनं आपला फोन पुढे केला. त्यात आम्ही सगळे दगडी रथासमोर उन्हानं डोळे बारीक करून ओळीनं उभे. कोणाचे पाय कापलेले, मागे अनोळखी कुटुंबाची अर्धी मुलगी. तो फोटो आता फ्रेम होऊन आमच्या हॉलमध्ये आहे. कड्या-कुलपं माझ्या फोनमध्ये आहेत. बायको त्यांना ‘तुमचं ते सामान’ म्हणते आणि जागा भरली की पुसून टाका म्हणते.

रहाटणीतलं सामान मात्र वाया जात नाही. ‘पिवळा’ हा विषय आला तेव्हा लोकांनी सूर्यफुलांची शेतं टाकली. आमच्याकडे पिवळा म्हणजे जेसीबी. रस्ता उकरला जात नाही असा मोसम आमच्याकडे नसतो आणि जेसीबी चालू असला की भोवती प्रेक्षक जमतात. २०१९ साली जेसीबीची खोदाई बघण्यावर देशभर विनोद झाले, तेव्हा आम्हाला जरा आश्चर्यच वाटलं, कारण आम्ही ते आधीपासून गंभीरपणे बघत होतो. मी जेसीबी सोडून बघणाऱ्यांचा फोटो काढला: हात मागे बांधलेले दोन आजोबा, कडेवरच्या पोरासह एक बाई, डिलिव्हरीची पिशवी पाठीवर असलेला आणि ज्याला खरं तर घाई आहे असा एक मुलगा. पिवळा रंग फक्त एका कोपऱ्यात. कॅनडात बस चालवून निवृत्त झालेल्या एकानं लिहिलं की त्यांच्याकडे अशा जागेभोवती पत्रे लावतात, पण त्या पत्र्यांना बघण्यासाठी भोकं ठेवतात. त्यानं पुढच्या आठवड्यात त्या भोकाचा फोटो टाकला. भोकाला डोळा लावून एक म्हातारा उभा होता, हात मागे बांधलेले. त्याला टोपी घातली असती तर आमच्याच चौकातला वाटला असता.

‘वाट पाहणं’ या विषयासाठी मी पहाटे काळेवाडी फाट्यावर गेलो. फर्स्ट शिफ्टची माणसं तिथं उभी असतात. कंपनीच्या बसला थांबा नसतो, पाटी नसते. तरी कोणत्या कंपनीची बस कोणत्या बंद मेडिकलसमोर थांबते आणि कोणती चहाच्या टपरीच्या अलीकडे, हे ज्याला त्याला ठाऊक. डब्याची पिशवी, गळ्यात ओळखपत्र, थंडीत कानाला रुमाल. माणसं बोलत नाहीत, फोनही फारसा बघत नाहीत, फक्त रस्त्याच्या एका दिशेला तोंड करून उभी असतात. मी स्वतः असा बरीच वर्षं उभा राहिलो आहे, पण समोरून कधी पाहिलं नव्हतं. एकानं मला विचारलं, “साहेब, युनियनकडून का?” मी नाही म्हटल्यावर दुसरा म्हणाला, “मग एचआरचे असतील. नीट उभे राहा रे.” आणि सगळे खरंच नीट उभे राहिले. फोटो बिघडला. मी त्यांना चहा पाजला, तेवढ्यात बस आली आणि अर्धे कप तसेच राहिले. ग्रुपात मी त्या कपांचा फोटो टाकला.

‘शांतता’ या विषयाला मी दांडी मारली. रहाटणीत राहतो म्हटल्यावर ती मंजूर झाली असती, पण कारण विचारायची पद्धत नाही.

जानेवारीत विषय आला, ‘बर्फ’. फिनलंडच्या बाईंनीच सुचवलेला. उत्तरेकडच्या मंडळींनी पांढरेशुभ्र डोंगर टाकले. मला काही सुचेना. फ्रिजमधला बर्फ टाकावा, उसाच्या गुऱ्हाळातली लादी टाकावी, असं चाललं होतं. एका सकाळी थेरगावला केजुबाईच्या बंधाऱ्याकडे गेलो होतो. पवना तिथं बंधाऱ्यावरून खाली पडते आणि पाण्यावर पांढऱ्या फेसाचे ढीग तरंगत होते. काही बोटभर, काही गुडघाभर. कोवळं ऊन पडलेलं. आळंदीला इंद्रायणीवर असाच फेस येतो. सांडपाण्यातला साबण आणि रसायनं पाण्याबरोबर घुसळली जातात आणि वर येतात. मी फोटो काढला आणि खाली काही न लिहिता ग्रुपात टाकला. खोडी होती.

ग्रुपात आनंदाची लाट आली. भारतात बर्फ! पुण्याजवळ! हिमालय किती लांब आहे? जपानच्या एका गृहस्थांनी त्या फोटोतल्या प्रकाशाबद्दल फार सुरेख लिहिलं. इतकी दाद मला विंचूकाट्याला मिळाली नव्हती. संध्याकाळी मी खरं सांगितलं. ही नदी लोणावळ्याच्या दक्षिणेला सह्याद्रीत उगम पावते, तिच्यावर पवना धरण आहे, आमचं पिण्याचं पाणी तिथूनच येऊन रावेतला उचललं जातं, २०१९च्या नोव्हेंबरपासून शहराला ते दिवसाआड मिळतं. आणि शहरातून पुढे जाताना ती अशी होते, मग दापोडीला मुळेला मिळते. एवढं सगळं माझ्या इंग्रजीत लिहायला मला जेवायला उशीर झाला.

रात्रभर कोणी काही बोललं नाही. मला वाटलं, आता ॲडमिन बाई मला काढणार. सकाळी फिनलंडच्या बाईंचा नवा फोटो होता. त्यांच्या दुकानांच्या वाहनतळावरचा बर्फ: काळाठिक्कर, तेलकट, त्यात सिगारेटची थोटकं, एक हातमोजा आणि सायकलचं चाक. त्यांनी लिहिलं होतं, हा ढीग मे महिन्यापर्यंत असतो आणि याचा फोटो आमच्याकडे कोणी काढत नाही. मग एकेकानं आपापलं काढलं. पोर्तुगालवाल्यांनी भिंती रंगवताना मधेच सोडून दिलेली गल्ली टाकली. कॅनडावाल्यानं बसचं आगार टाकलं. फेब्रुवारीत पवनेवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरला तेव्हा मी तो सरळ नावानिशी टाकला, तर ब्राझीलच्या एका मुलीनं लिहिलं, अरे, ही तर आमच्या ॲमेझॉनची! ते खरंच आहे. मूळची तिकडची ही वनस्पती शोभेसाठी म्हणून इकडे आणली गेली आणि मग तिनं घरच केलं. त्या मुलीनं दिलगिरी व्यक्त केली. मी म्हटलं, चालायचंच, मिरचीही तुमच्याच बाजूची.

त्या आठवड्यापासून आमच्या ग्रुपाचं वळण बदललं. ठरवून नाही. ग्रीसची दारं येत नाहीत असं नाही, पण लोक आता एकमेकांना आपापला कंटाळा पाठवतात. ज्या वाहनतळाकडे त्या बाई वर्षानुवर्षं मान वळवून बघत नाहीत, तो मी झूम करून बघतो. आमचा दुधाचा कॅन, टँकरची नळी, गच्चीवरच्या काळ्या टाक्यांची रांग, हे जपानमधला माणूस झूम करून बघतो आणि विचारतो, प्रत्येक टाकीवर वेगळं नाव का लिहिलंय? मग मी त्याला दिवसाआड पाण्याचं आणि फ्लॅटवार टाक्यांचं गणित समजावतो. हे समजावताना मला आमची सोसायटी जितकी कळली, तितकी ती सभांना बसून कळली नव्हती. ए विंगच्या एका टाकीवर अजून आधीच्या बिऱ्हाडाचं नाव आहे, हे मला त्या जपान्यानं सांगितलं.

या आठवड्यात ‘हात’ आहे. मी डोक्यात चार हात ठेवले होते: वडापाववाल्याचा तेलातून झारा काढणारा, टायरवाल्याचा, रिक्षावाल्याचा हॅन्डलवर थोपटणारा आणि शिवार चौकाकडे जाताना बसणाऱ्या भाजीवाल्या मावशींचा, जुडीला पाणी मारणारा. मावशींचा ठरवला. सकाळी गेलो, विचारलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“कशाला पायजे फोटू?”

“परदेशातल्या लोकांना दाखवायचाय.”

“ते घेणारेत का भाजी?”

“नाही.”

“मग तुम्ही घ्या. दोन जुड्या घेतल्या तर एक हात, चार घेतल्या तर दोन्ही.”

मी चार घेतल्या. त्यांनी बांगड्या मागे सारल्या, पदर खोचला आणि दोन्ही हात असे पुढे धरले की जणू मेंदी दाखवतायत. जुडी बाजूलाच राहिली. मी म्हटलं, मावशी, तुम्ही आपलं रोजचं काम करा. त्या म्हणाल्या, रोजचं काम कोण बघतंय! आणि हात तसेच धरून ठेवले.

घरी पिशवी ओट्यावर ठेवली. बायकोनं आत डोकावून पाहिलं, मेथी मोजली आणि म्हणाली, “अहो, पुढच्या सोमवारचा विषय मला आदल्या रात्री कळायला हवा. फ्रिजमध्ये जागा करावी लागते.”